शिल्लक बीजांचा हिशेब

‘दुखते’ म्हणून माझ्याकडे सहसा कोणी येत नाही. येतात त्या ‘दिवस राहत नाहीत’ म्हणून. लग्नाला दोन वर्षे झालेली असतात, कधी चार, कधी सात. बरोबर सासू असते किंवा मोठी जाऊ. नवरा बाहेर मोटारसायकलला टेकून उभा असतो. केसपेपरवर तक्रार म्हणून दोनच शब्द लिहिले जातात, ‘मूल नाही’. पाळीच्या वेळी पोटात दुखते का, असे मी त्या मुलीला विचारते तेव्हा ती खाली बघते आणि उत्तर सासूबाई देतात, ‘‘दुखतं की! पण बाईच्या जातीला कुणाला दुखत नाही, म्याडम?’’

या एका उत्तरात अख्खा रोग दडून बसू शकतो. त्याचे नाव एंडोमेट्रिऑसिस. नाव बोजड आहे आणि मराठीत त्याला सुटसुटीत शब्द अजून रुळलेला नाही. पण बीजांडकोशात त्याचे जे रूप दिसते त्याचे नाव मात्र आता मंचरच्या पेठेतही ऐकू येते, कारण सोनोग्राफीच्या कागदावर ते छापून येते : चॉकलेट सिस्ट. ‘‘हिच्या पोटात चॉकलेटची गाठ निघालीय,’’ असे सांगणारे सासरे मी पाहिले आहेत. लहानपणी फार चॉकलेटे खाल्ली म्हणून झाली का, हेही मला गंभीरपणे विचारले गेले आहे. गाठीच्या आत साकळलेले जुने रक्त असते, ते घट्ट, तपकिरी आणि चिकट होते, म्हणून हे नाव. नाव ठेवणारे अमेरिकन होते. आमच्या भागातल्या डॉक्टरने ठेवले असते तर ‘काकवीची गाठ’ म्हटले असते, आणि ते रुग्णाला चटकन कळले असते.

गेली पंचवीस वर्षे मी मंचरला स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करते. पुणे-नाशिक रस्त्यावर, पुण्यापासून साठेक किलोमीटरवर हे गाव. आंबेगाव तालुक्याची कचेरी घोडेगावला, पण कांद्या-बटाट्याचा बाजार, मंगल कार्यालये आणि दवाखाने मंचरला. त्यामुळे माझ्या बाकावर सातगाव पठारावरची बटाटेवाली बाई, ऊसपट्ट्यातली बागायतदाराची सून आणि डिंभे धरणापलीकडून, आहुपे-तळेघरच्या बाजूने पहाटेची एसटी धरून आलेली आदिवासी मुलगी शेजारी शेजारी बसतात. तिघींच्या घरची स्थिती वेगळी, पण दुखण्याबद्दलचे मौन सारखे. कांदालागवडीच्या दिवसांत कंबर धरली तर दोष वाकून केलेल्या कामाला. बटाटा काढणीत ओटीपोट दुखले तर दोष जड पाट्यांना. वर्षभर दर महिन्याला, ठरावीक तारखांना दुखते आहे, हे कॅलेंडरवर बोट ठेवून पाहायचे कोणी?

म्हणून मी प्रश्न बदलून विचारते. ‘दुखतं का’ असे विचारत नाही. ‘पाळीच्या दिवशी भाकरी थापता येते का, की आडवं व्हावं लागतं?’ असे विचारते. ‘शाळेत असताना त्या दिवशी घरी राहायचीस का?’ ‘त्या दिवसांत शौचाला जाताना कळ येते का?’ आणि सासूबाईंना थोडा वेळ बाहेर बसवून, ‘नवऱ्याजवळ गेल्यावर आत खोल दुखतं का?’ या शेवटच्या प्रश्नाला उत्तर म्हणून अनेकदा नुसते डोळे भरून येतात. मूल होत नाही म्हणून जिला बोल लावला जातो, तिला मूल होण्यासाठी जे करावे लागते तेच असह्य वेदनेचे झालेले असते. हे ती सांगणार कोणाला?

आता रोगाकडे वळू. गर्भाशयाच्या आतले अस्तर दर महिन्याला जाड होते आणि गर्भ राहिला नाही की पाळीच्या रूपाने गळून बाहेर पडते. या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर, म्हणजे ओटीपोटाच्या आतल्या पडद्यावर, गर्भनलिकांवर, आतड्यावर किंवा बीजांडकोशावर रुजल्या की त्याला एंडोमेट्रिऑसिस म्हणायचे. त्याही महिन्याच्या महिन्याला संप्रेरकांचे ऐकतात, त्यांतूनही रक्त पाझरते. पण ते बाहेर पडायला वाट नसते. मग सूज येते, व्रण पडतात, अवयव एकमेकांना चिकटतात. न्यूयॉर्क राज्यातल्या आल्बनी गावचे डॉ. जॉन सॅम्पसन यांनी १९२१ मध्ये बीजांडकोशातल्या या चॉकलेटी गाठींवर सविस्तर लिहिले आणि पुढे १९२७ मध्ये पाळीचे काही रक्त नलिकांतून उलटे पोटात जाते व त्यातल्या पेशी तिथे रुजतात, असा विचार मांडला. तो आजही बऱ्याच अंशी मानला जातो. पण रक्त असे उलटे जाणे हे बहुतेक सगळ्याच स्त्रियांत घडते. रुजते मात्र थोड्यांतच. का, याचे पुरते उत्तर शंभर वर्षांनीही हाती आलेले नाही. आनुवंशिकता आणि शरीराची प्रतिकारव्यवस्था यांच्याकडे बोट दाखवले जाते. मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेने भारतीय स्त्रियांतील या रोगाचा वैद्यकीय आणि जनुकीय अभ्यास त्यासाठीच हाती घेतला.

रोग दुर्मीळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे पुनरुत्पादनाच्या वयातल्या सुमारे दहा टक्के, म्हणजे जगभरात जवळजवळ १९ कोटी स्त्रियांना तो आहे. त्यातल्या प्रत्येकीला मूल होत नाही असे मुळीच नाही. पण साधारण ३० ते ५० टक्के स्त्रियांना गर्भधारणेत अडचण येते. निरोगी जोडप्याला एका महिन्यात गर्भ राहण्याची शक्यता १५ ते २० टक्के धरली, तर या रोगात ती २ ते १० टक्क्यांपर्यंत खाली येते. लक्षात घ्या, ती शून्य होत नाही. ‘चॉकलेट सिस्ट म्हणजे मूल नाही’ हे जे पारावर बोलले जाते, ते चूक आहे. आणि ‘काही होत नाही, देवाच्या मनात असेल तेव्हा होईल’ हेही तितकेच चूक आहे, कारण देवाच्या मनात येईपर्यंत बीजे थांबत नाहीत.

हा बीजांचा मुद्दा मी शेतकऱ्याच्या घरात बियाण्याच्या भाषेत सांगते. मुलगी जन्माला येते तीच दहा-वीस लाख बीजांची कोठी घेऊन. वयात येईपर्यंत त्यातली तीन-चार लाख उरतात. आयुष्यभरात पिकून बाहेर पडतात ती जेमतेम चारशे; बाकीची आपोआप विरून जातात. पठारावरचा शेतकरी बटाट्याचे बियाणे पंजाबातून आणतो, कमी पडले तर पुन्हा मागवतो. इथे ती सोय नाही. कोठीत नवीन दाणा पडत नाही.

आणि काकवीची ही गाठ नेमकी त्या कोठीतच बसते. बीजे बीजांडकोशाच्या बाहेरच्या पातळ थरात असतात. गाठ वाढते तसा तो थर ताणला जातो. साकळलेल्या रक्तातले लोह भोवतालच्या पेशींना त्रास देते, सूज येते, लवचीक जागेवर चरबट तंतू येतात आणि तिथली बीजे वेळेआधी खर्ची पडतात. पोटातल्या द्रवातही दाहाची द्रव्ये साठतात; स्त्रीबीज आणि शुक्राणू यांची भेट ज्या वातावरणात व्हायची तेच बिघडते. रोग वाढला तर दोन्ही बीजांडकोश गर्भाशयामागे ओढले जाऊन एकमेकांना चिकटतात, नलिका मुडपते, आणि सुटलेले बीज उचलायला तिचे टोक पोहोचत नाही. कोणात यातले काय किती आहे हे मात्र दुखण्यावरून ओळखता येत नाही. हा या रोगाचा लबाडपणा. पोटभर चिकटलेली एखादी स्त्री ‘थोडं दुखतं’ म्हणते आणि चार ठिपके असलेली मुलगी दर महिन्याला गडबडा लोळते.

इथे एक घरगुती उपाय आडवा येतो, तो म्हणजे लग्न. ‘‘हिचं लग्न करून टाकलं, एक मूल झालं की आपोआप बरं होईल ना?’’ असे आया मला विचारतात, आणि असे सांगणारे डॉक्टरही त्यांना भेटलेले असतात. यामागे अगदीच काही नाही असे नव्हे. आपल्या आज्यांची लग्ने लहानपणी झाली, एकामागून एक बाळंतपणे, दोन-दोन वर्षे अंगावर पाजणे. त्यांना आयुष्यात पाळ्याच कमी आल्या. गरोदरपणात पाळी थांबते, तेवढ्यापुरते दुखणे थांबू शकते. पण तो विसावा असतो, उपचार नव्हे. या रोगावरचा इलाज म्हणून मूल होऊ द्या असा सल्ला देऊ नये, असे युरोपातल्या वंध्यत्वतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ च्या मार्गदर्शिकेत स्पष्ट लिहिले आहे. जिला या रोगामुळेच दिवस राहायला वेळ लागणार आहे, तिला दिवस राहणे हेच औषध म्हणून लिहून द्यायचे, याला काय म्हणावे!

पण माझ्या मते याहून मोठा घोटाळा होतो तो ऑपरेशनच्या बाबतीत, म्हणून त्यावर जरा थांबते.

आपल्याकडे ‘गाठ’ या शब्दाची दहशत आहे. गाठ निघाली की ती काढली पाहिजे, आजच्या आज काढली पाहिजे. त्यात रक्ताची एक तपासणी भर घालते. सीए-१२५ नावाचा हा आकडा कर्करोगात वाढतो, पण तो एंडोमेट्रिऑसिसमध्येही वाढतो, आपल्याकडे मुबलक असलेल्या पोटाच्या क्षयातही वाढतो. रिपोर्टवर तो ठळक अक्षरात पाहून घरात रडारड झालेली मी पाहिली आहे. चॉकलेट सिस्ट असलेल्या स्त्रीत बीजांडकोशाच्या कर्करोगाचा धोका किंचित वाढतो हे खरे; पण एकूण धोका कमीच राहतो. संशयास्पद गाठ सोनोग्राफीत वेगळी दिसते आणि तिचा विचार वेगळा करावा लागतो. बाकीच्या गाठींना घाईचे कारण नसते.

घाई नको, कारण दुर्बिणीतून गाठीचे आवरण सोलताना त्याला चिकटलेला निरोगी थरही थोडा सोलला जातो. रक्त थांबवायला जाळले तर आणखी थोडा जळतो. तो थर म्हणजेच बीजांची कोठी. बीजांच्या साठ्याचा अंदाज देणारी एएमएच नावाची रक्ततपासणी आहे; ऑपरेशननंतर तिचा आकडा खाली येतो हे आता अनेक अभ्यासांत पुन्हापुन्हा दिसले आहे. दोन्ही बाजूंच्या गाठी काढल्या तर जास्तच. शंभरात दोन-तीन जणींची पाळी अशा दुहेरी शस्त्रक्रियेनंतर अकाली बंदही होते. आणि एवढे करून गाठ गेली म्हणजे रोग गेला असे नाही. दोन वर्षांत साधारण पाचातल्या एकीला आणि पाच वर्षांत चाळीस-पन्नास टक्के स्त्रियांना तो पुन्हा गाठतो.

एक स्त्री मला आठवते. ओळख पटू नये म्हणून गाव सांगत नाही, तपशीलही थोडे बदलते. वय एकतीस, दुधाच्या व्यवसायातले सधन घर. लग्नाआधी एकदा आणि लग्नानंतर एकदा अशी तिची दोन ऑपरेशने झाली होती, दुसऱ्या वेळी दोन्ही बाजूंची. कुठे, याला महत्त्व नाही. फायलीत ऑपरेशनचे रंगीत फोटो होते, सीडी होती, बिले होती. एएमएचचा कागद मात्र एकही नव्हता, ऑपरेशनाआधीचाही नाही. मी करून घेतला तेव्हा आकडा ०.४ आला. पुण्याला टेस्ट ट्यूब बेबीचे दोन प्रयत्न झाले. एकदा दोन बीजे मिळाली, एकदा एक. गर्भ राहिला नाही. दुसऱ्या स्त्रीचे बीज घेण्याचा विषय निघाला तेव्हा घरात महिनाभर कोणी कोणाशी बोलले नाही आणि मग तो विषयच मिटला. ती अजून माझ्याकडे येते, दुखण्याच्या गोळ्यांसाठी. एकदा तिने विचारले, ‘‘आधी मोजलं असतं तर झालं असतं का हो?’’ कोणालाच याचे उत्तर देता येणार नाही, असे मी तिला सांगितले. पण आधी मोजले असते तर निदान निर्णय तिने घेतला असता.

उलट सातगाव पठारावरची एक मुलगी. वय चोवीस, लग्नाला तीन वर्षे, डावीकडे साडेतीन सेंटिमीटरची गाठ. घरचे ऑपरेशनचे पैसे घेऊनच आले होते. नवऱ्याची तपासणी केली आहे का, असे मी विचारले तर सगळे एकमेकांकडे बघू लागले. केली नव्हती. वंध्यत्वाच्या साधारण निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडे काही ना काही कारण सापडते, तपासणी काही शे रुपयांत होते, तिला भूल लागत नाही की टाका. तरीही बाईचे पोट उघडायची तयारी आधी होते आणि त्या बाटलीचा विषय शेवटी निघतो. त्याची तपासणी ठीक निघाली. तिची एएमएच चांगली होती, नलिका मोकळ्या होत्या, दुखणे गोळीने आवरण्याजोगे होते. ऑपरेशन न करता आठ-नऊ महिने नीट दिवस मोजून प्रयत्न करायचे ठरले, पुढे दोनदा नवऱ्याचे धुतलेले शुक्राणू थेट गर्भाशयात सोडण्याची साधी प्रक्रिया केली. दुसऱ्या खेपेस दिवस राहिले. तिची गाठ अजून तिथेच आहे आणि तिची मुलगी अंगणवाडीत जाते. हिला जमले म्हणून सगळ्यांना जमेल असा अर्थ कोणी काढू नये. वय पस्तिशीकडे झुकलेले असते, नवऱ्याच्या तपासणीत दोष असता किंवा नलिका चिकटलेल्या असत्या, तर मी तिला एवढेही थांबू दिले नसते. सरळ पुण्याला पाठवले असते.

ऑपरेशन कधीच करू नये असे मी म्हणत नाही. दुखण्याने जगणे नकोसे झाले असेल, गाठ मोठी असेल, तिच्या स्वरूपाची शंका असेल, किंवा गाठीमुळे बीज काढायला सुई पोहोचत नसेल, तर ते करावेच लागते. आणि चांगल्या हातांनी केलेल्या शस्त्रक्रियेनंतर आपोआप दिवस राहिलेल्या स्त्रियाही पुष्कळ आहेत. ऑपरेशनमध्ये जे दिसले त्यावरून, वय आणि वंध्यत्वाची वर्षे धरून, पुढच्या शक्यतेला शून्य ते दहा गुण देणारी पद्धत २०१० पासून उपलब्ध आहे. डिस्चार्ज कार्डावर ते गुण लिहून मागायला हरकत नाही. पण टेस्ट ट्यूब बेबीच्या आधी ‘रस्ता साफ करून घेऊ’ म्हणून सरसकट गाठ काढण्याने मूल होण्याची शक्यता वाढते, याला आधार सापडत नाही. गोळ्यांचेही तसेच. मी शिकत होते तेव्हा डॅनॅझॉल द्यायचे; बायकांच्या ओठांवर लव यायची, आवाज घोगरा व्हायचा. आजच्या डायनोजेस्टसारख्या गोळ्या खूप सौम्य आहेत, दुखणे थांबवतात, गाठ परत येण्याचे प्रमाण कमी करतात. मात्र त्या चालू असताना बीज पिकणे थांबते. मूल हवे असणारीने ‘गाठ विरघळेपर्यंत’ म्हणून त्या वर्षभर घेत बसणे म्हणजे कोठीला भोक असताना दार लावून घेणे.

टेस्ट ट्यूब बेबी हा शब्द आता आमच्याकडे कोणाला दचकवत नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून हर्षा चावडा जन्मली, त्याला आता चार दशके होत आली. हायवेवर या केंद्रांचे फलक लागले आहेत. अडचण पैशाची आहे. एका आवर्तनाला लाख-दीड लाखाच्या पुढे खर्च, आणि चॉकलेट सिस्ट असलेल्या स्त्रीत बीजे कमी मिळत असल्याने एका खेपेत भागेलच असे नाही. कांद्याचा भाव चांगला मिळाला त्या साली पेशंट पुण्याला जाते, पडला त्या साली ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणते. बाजारभावावर बीजांचे वय ठरत नाही, हे सांगताना माझीच जीभ अडखळते. २०२१ च्या कायद्याने अशा केंद्रांना नोंदणी सक्तीची केली आहे आणि स्त्रीसाठी २१ ते ५०, पुरुषासाठी २१ ते ५५ अशी वयोमर्यादा घातली आहे. फलकावरच्या गोंडस बाळाचा फोटो पाहण्याआधी नोंदणीचा दाखला पाहावा.

आणखी एक उपाय दुखण्यावर सुचवला जातो, तो फारच सोपा : पिशवी काढून टाका. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची पाहणी २०१९ मध्ये सरकारी समितीने केली तेव्हा ८२,३०९ जणींपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. त्यांतल्या कितीजणींना हा रोग होता, कोणी पाहिले? आमच्या तालुक्यातही दर हंगामात तोडीच्या टोळ्या येतात, आणि पिशवी काढूनही ओटीपोट दुखतेच म्हणून येणारी एखादी तरी बाई असते. रोगाची बेटे पिशवीबाहेर असतील तर पिशवी गेल्याने ती कशी जातील?

जगभर या रोगाच्या पहिल्या दुखण्यापासून निदानापर्यंत सात ते दहा वर्षे जातात. म्हणजे चौदाव्या वर्षी सुरू झालेल्या कळांना नाव मिळते ते बाविसाव्या-चोविसाव्या वर्षी, तेही लग्न होऊन मूल होत नाही म्हणून. ही मधली वर्षे वाचवायची तर माझ्या बाकापाशी उपयोग नाही, शाळेत जायला हवे. म्हणून काही वर्षांपासून मी तालुक्यातल्या माध्यमिक शाळांत जाते. मुलींशी बोलण्याआधी वर्गशिक्षिकेकडे हजेरीपट मागते. दर महिन्याला साधारण त्याच दिवसांत एक-दोन दिवस गैरहजर असलेले एखादे नाव नववी-दहावीच्या बहुतेक वर्गांत सापडते. त्यातल्या सगळ्यांना हा रोग नसतो. बहुतेकींचे दुखणे साध्या गोळीने थांबते, आणि थांबले की प्रश्न मिटला. गोळीने न थांबणाऱ्या मुलीच्या आईला मी शाळेतच बोलावून घेते. गेल्या जानेवारीत अशी एक आई कांद्याच्या वाफ्यातून तशीच उठून आली होती, हाताला माती. मी विचारायच्या आधीच म्हणाली, ‘‘मलाबी असंच व्हायचं, म्याडम. हिच्या आधी सात वर्षं काही नव्हतं.’’ आईला किंवा बहिणीला हा रोग असेल तर मुलीत तो असण्याची शक्यता वाढते. मी मुलीच्या कागदावर आईचे ते वाक्य जसेच्या तसे लिहून घेतले आणि दोघींना सोनोग्राफीची तारीख दिली.